फाटकासमोरची जागा

हिंदुरावने क्लच दाबून धरला होता, तरी चेअरमनसाहेबांची गाडी पुढे सरकली आणि फाटक उघडणारा भिकोबा तिच्याखाली गेला. तेरावं उरकलं आणि कारखान्याच्या आवारात चौकशी बसली.

"गाडी ठणठणीत आहे," साहेब सगळ्यांदेखत कडाडले. "ह्या ड्रायव्हरचाच पाय सुटला!"

क्लचचं तेल गळतंय, पेडल दाबूनही गाडी ओढते, हे हिंदुराव साहेबांना कितीदा तरी सांगून चुकला होता. आता तो वाद घालत बसला नाही.

"असेल, साहेब. मग भिकोबा उभा होता तिथं जरा तुम्ही उभे राहा. मी गिअर टाकून क्लच दाबून धरतो."

साहेब झटकन मागे सरले. "आणि गाडीनं ओढलं तर?"

हिंदुरावने फाटकाकडे पाहिलं.

"एवढं विचारायला भिकोबाला सवड मिळाली नाही, साहेब."