हौसाक्काची वाट

फार वर्षं झाली, शेंदवाडीचं देऊळसुद्धा उभं राहायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठी हौसाक्काचं शेत होतं. चहूबाजूंनी केरबाचं रान आणि मधे हिचा तुकडा, ताटात वाटी ठेवावी तसा. शेतात जायची गाडीवाट केरबाच्या रानातून. बापजाद्यांपासूनची वहिवाट, कुणी कधी अडवली नव्हती.

हौसाक्काचा नवरा वारला आणि केरबाची नजर फिरली. वाट मोडली की बाई कंटाळून तुकडा सोडेल, असं त्याच्या मनात. त्यानं वाट नांगरली आणि वर ज्वारी पेरली.

हौसाक्का रोज तिथूनच जायची.

"अगं, माझं पीक तुडवतीस!"

"पीक तुमचं असंल भावोजी, वाट माझीय. तिच्यावर पेरायला कुणी सांगितलं?"

त्यानं वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले. ती त्यावरून गेली. काटेच मोडले, पाय मोडला नाही, असं म्हणतात.

पण तिचा हरभरा वाळला, घाटे फुटायला लागले. बाई पायी जाईल, गाडी कुठून जाणार? वर्षाचं खाणं रानातच झडायची वेळ आली. तेव्हा तिनं पंच बोलावले.

पंच आले. बघतात तर डोक्याएवढी ज्वारी. हौसाक्काची पाऊलवाटही पानांनी झाकलेली; गाडीवाट कुठं होती, कुणाला कळेना. केरबा मिशीत हसला, "दाखव की आता."

"मी दाखवली तर खोटी म्हणशीला. तुमच्या ढवळ्या बैलाला इचारा."

केरबाला जोर चढला. "इचारा! पण बैल माझा. माझं खातोय, माझ्याच गोठ्याला जाईल."

तिथंच तो चुकला. पूर्वी केरबाही एकाच बैलाचा धनी होता, आणि हौसाक्काचा नवराही. म्हणून दोघं सावड करायचे, दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली. केरबाचा ढवळ्या याच वाटेनं गाडी ओढून म्हातारा झाला होता.

ढवळ्याला मोकळा सोडला. तो उभ्या ज्वारीत शिरला, पण एका ताटाला त्यानं तोंड लावलं नाही. ताटंच दोहों बाजूंनी वाकून त्याला वाट देत गेली, असं म्हणतात. थेट हौसाक्काच्या हरभऱ्यापाशी जाऊन तो उभा राहिला.

म्हातारा पंच धोतर झटकत उठला. "केरबा, साक्षीदार तुझाच हाय बाबा."

त्याच दिवशी ज्वारी कापून गाडी गेली.

आजही शेंदवाडीत पेरणी करताना वहिवाट आली की तिफण उचलून धरतात आणि पलीकडं जाऊन टेकवतात, रान कुणाचंही असो. एखादा नवखा गडी विसरला, तर बांधावरच्या बाया ओरडतात, "उचल रं, हौसाक्का चाललीय!"