सुई-मुळीचा वसा

एका राज्यात, जिथले पक्षी कुणी विचारो न विचारो बोलतच असत, भिवरा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा राजाच्या खजिन्याचा राखणदार. खजिन्यात एक हंडा होता. राजानं तो एका जादूगाराकडून बळानं आणला, तेव्हा जादूगारानं शाप दिला, "हात लावील तो दगड होईल." राखणदारानं धूळ पुसायला हात लावला मात्र, पाय दगडाचे झाले. दगड रोज वर चढू लागला. राजवैद्यांनी हात टेकले.

भिवरेनं देवापुढे दिवा लावला आणि डोंगरावर कनकाईकडे गेली. सुया टोचून, मुळ्या उगाळून कनकाई मेल्यासारख्यांना उठवी.

"आई, मला तुमची विद्या द्या."

"हा वसा आहे, बाई. उतशील, मातशील."

"उतणार नाही, मातणार नाही."

"मग तीन कामं कर. आधी पांढऱ्या वेलीची मुळी आण."

भिवरा धावली, वेल उपटली. मुळीची हातातच राख झाली. फांदीवरचा भारद्वाज हसला. "मुलगी मागायला तरी असं घुसतात का गं कुणाच्या घरात? आदल्या सांजेला हळदकुंकू वाहावं, उद्या येते म्हणावं."

"माझा धनी दगड होतोय रे!"

"त्यात वेलीचा काय गुन्हा?"

भिवरेनं दुसऱ्या वेलीला आवतण दिलं आणि थांबली. सकाळी वेलीनं आपणहून मुळी दिली. एकच.

मग कनकाईनं सोन्याची सुई दिली. "आधी स्वतःला टोच." भिवरेनं टोचून घेतलं. दुखणं खांद्यात असतं, त्याचं दार बोटांच्या बेचक्यात, हे तिला तिच्याच अंगानं शिकवलं.

"आता दारात पहिला येईल त्याला बरं कर. रोगी निवडायचा नाही."

आला तो नेमका जादूगार! मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. "शाप देताना वळली, ती उघडेना. घाससुद्धा दुसऱ्यानं भरवावा लागतो."

भिवरेचं काळीज पेटलं. धन्याचा दगड छातीपर्यंत चढल्याचं भारद्वाजानं नुकतंच सांगितलं होतं. मुळी याला दिली, तर धन्याला काय देऊ? तिनं कनकाईकडे पाहिलं. कनकाई सुया पुसत राहिली. भारद्वाज पिसं साफ करत बसला.

जादूगाराच्या नखांखालून रक्त ठिबकलं. भिवरेनं देवाला हात जोडले.

"बसा, बाबा."

तिनं मुळी उगाळून लेप दिला, कोपराशी सुई टोचली. एकेक बोट सुटलं. शेवटचं सुटलं, तशी तळव्यातून काळी माशी भुर्रकन उडाली आणि उन्हात विरून गेली. तोच तो शाप.

"गेला गं, माये," म्हणत जादूगार लेकरासारखा रडला.

भिवरा धावत घरी आली. धनी ओट्यावर पाय चोळत उभा. "मुंग्या आल्यात गं!"

"बसा, सुई टोचते."

"नको बाई! त्यापेक्षा दगड बरा होता."

दोघं हसली, मग रडली. राजानं हंडा ज्याचा त्याला परत दिला. भिवरेच्या दारी रोगी येऊ लागले. आला तो कुणाचा कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. तिचा वसा तिला फळला. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, त्यांनाही देव असाच हात देवो.