बंद यंत्राचा कान

“बटण मी बंद केलं नाही म्हणून सांगतेय, ऐकतंय का कोणी?”

कोणी ऐकलं नाही. मठात माणसं काय कमी होती? पण श्रीरंगराव इंजिनियर, नाशिकहून गाडी घेऊन आलेले. मी झाडलोट करणारी हौसा. विश्वास कोणावर ठेवायचा हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं.

केदारबुवांची पहाटेची प्रवचनं मठातल्या कॉम्प्युटरात साठतात. यंत्र एरवी बंदच असतं. श्रीरंगराव नाशिकला बसून फोनवरून त्याला हाक देतात, ते जागं होतं, ते प्रवचन उतरवून घेतात आणि भक्तांना पाठवतात. गेल्या उत्सवापासून यंत्र जागंच होईना.

“मावशी झाडताना भिंतीवरचं बटण बंद करतात,” श्रीरंगराव बुवांना म्हणाले. “वीजच नाही तर ते उठणार कसं? यंत्राच्या खोलीची किल्ली काढून घ्या यांची. खरं तर यांना गावी पाठवा.”

गावी माझं कोण आहे? मठ हेच घर. हे सगळ्यांना ठाऊक. तरी एकानं तोंड उघडलं नाही.

बुवा उठले. यंत्राच्या खोलीत गेले. मागून आम्ही दोघं.

भिंतीवरचं बटण चालू होतं.

“बघा की डोळे उघडून!” मी म्हटलं.

“माझी गाडी दिसल्यावर चालू केलं असेल.”

“हो तर! उडत आले मी!”

“हौसा…” बुवा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “श्रीरंग, झोपलेल्या यंत्राला हाक ऐकू येते कुठून?”

“मागे तार लागते तिथून. यंत्र बंद असलं तरी तिथं एक बारीक हिरवा दिवा जळत असतो. दिवा आहे म्हणजे त्याचा कान उघडा आहे.”

“दाखव.”

श्रीरंगराव वाकले. तार जागेवर होती. वीज होती. दिवा नव्हता.

“असं कसं…”

बुवांनी पुढे होऊन दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर घट्ट दाबले.

“हौसा, बोल.”

मी बोलले. सकाळपासून जे साचलं होतं ते सगळं बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बुवांनी हात काढले. “काय म्हणाली ही?”

“मला कसं कळणार, बुवा? तुमचे हात होते ना कानांवर.”

“आणि सकाळपासून कोणाचे होते?” बुवा म्हणाले.

श्रीरंगराव खाली मान घालून यंत्रापुढे बसले. पुढचं बटण दाबून ते चालू केलं, आणि सुरू होता होता त्याच्या अगदी आतल्या सेटिंगमध्ये शिरले. बराच वेळ काही शोधत होते. मग हात थांबला.

“काय सापडलं?”

“बंद असताना वीज पूर्ण तोडायची, असं इथं केलेलं आहे. त्यामुळे कानाकडे जाणारी वीजही तुटते.”

“कोणी केलं?”

“उत्सवाला आलो होतो तेव्हा… मीच. शेजारतीनंतर मठात समईशिवाय दिवा नको, हा तुमचाच नियम. तो हिरवा ठिपका रात्रभर जळायचा. म्हटलं, बुवांना बरं वाटेल. सेवा म्हणून केलं.”

“सेवा तुमची अन् गाठोडं माझं होय?” मी म्हटलं.

श्रीरंगराव बुवांकडे पाहत राहिले.

बुवा म्हणाले, “मी दिवा मालवायला सांगितला होता, कान नव्हे.”

श्रीरंगरावांनी ते सेटिंग उलटं केलं, यंत्र बंद केलं. मागे हिरवा ठिपका लागला. खिशातून फोन काढून त्यांनी हाक दिली. यंत्र घुमायला लागलं.

तेवढ्यात पंगतीची घंटा झाली.

आमच्या मठात एक रीत आहे. काही बिघडलं, सांडलं, हरवलं तर ज्याचा दोष त्याचं नाव पंगतीत मोठ्यानं घ्यायचं. त्यानंतरच पहिला घास. ज्याचं नाव येईल त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या पत्रावळी उचलायच्या.

पानं वाढून झाली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. एक बाई तर हळहळली सुद्धा. आता हळहळतेय!

श्रीरंगराव उभे राहिले. घसा खाकरला.

“मंडळी, यंत्र सुरू झालं. हौसामावशींचा काही दोष नव्हता. तांत्रिक अडचण होती. दोष यंत्राचाच…”

“थांब,” बुवा म्हणाले.

भाताची वाफ निवत होती. कोणी घास उचलेना.

“यंत्राचं बारसं झालेलं नाही. ज्याचं झालंय त्याचं नाव घे.”

श्रीरंगराव पानाकडे बघत राहिले.

बुवांनी वाट पाहिली. मग स्वतःच मोठ्यानं नाव घेतलं,

“श्रीरंग.”