ताडपत्रीखालची लाल मोटार

घाटाच्या पायथ्याशी एका गावात आबासाहेब नावाचे एक हौशी गृहस्थ राहत. त्यांच्याकडे एक लाल मोटार होती. बुटकी, उघडी, दोनच माणसांची. तरुणपणी तिच्यातून आबांनी घाट चढण्याची शर्यत जिंकली होती. लग्नात नवरीलाही तिच्यातूनच घरी आणलं. तिसरी जागा नाही म्हणून वरमाई जी रुसली, ती सत्यनारायणाच्या प्रसादापर्यंत रुसलेलीच!

पुढे बायको वारली. शेजारची रिकामी जागा आबांना बघवेना. त्यांनी मोटार गोठ्यात उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. मात्र दर खंडेनवमीला ताडपत्री निघे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटे, झेंडूची माळ चढे, नारळ फुटे. नारळाचं पाणी बॉनेटवर शिंपडलं, की ओल्या मोटारीवर पुन्हा ताडपत्री. "फार जपली हो मोटार," असं गाव म्हणे.

आबांची मुलगी केतकी त्यांच्याजवळच राही. तीही जपणारीच. भर उन्हाळ्यात लेकीला, ओवीला, कानटोपी घाली. दारातल्या जांभळीवर चढायची तर सक्त मनाई. केतकी शिकलेली होती, मोटार चालवायलाही शिकली होती. पण रस्त्यावर सायकलवालेसुद्धा तिला मागं टाकून जात.

एका खंडेनवमीला आबा म्हणाले, "केतके, एकदा घाटमाथ्यावर जाऊन हिचा हॉर्न वाजवायचाय. पुढच्या नवमीला मी असेन, नसेन."

केतकीनं ताडपत्री ओढली. स्वस्तिक काढायला बोट टेकवलं, तर ते पत्र्यातून आरपार गेलं.

"आबा, पूजा केली तिथंच गंजून भोक पडलंय!"

आबांनी वाकून ते भोक पाहिलं. मग म्हणाले, "नमस्कार कमी केले असते आणि चार फेऱ्या मारल्या असत्या, तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. तालुक्याच्या मिस्त्रीनं इंजिन उतरवलं. सीटमधून उंदरांचा अख्खा संसार निघाला. केतकीनं पॉलिश कागदानं गंज घासला. तिची नखं लाल झाली. आबा खुर्चीतून ओरडत, "अगं, कढई नाही ती! हळू घास!" वर्ष असंच गेलं. एके सकाळी मोटार खोकली, शिंकली आणि अशी गरजली, की कोंबड्या थेट कौलांवर जाऊन बसल्या.

खंडेनवमी आली. मोटार आरशासारखी चमकत होती. सरपंच म्हणाले, "आता हिला बाहेर काढू नका. काचेची खोली बांधू. लोक लांबून बघायला येतील."

केतकीला मनातून हायसं वाटलं. आबांचे गुडघे गेलेले. चालवायची तर तिलाच होती. ती म्हणाली, "खरंच आबा, कुठं घासली, आपटली तर?"

"मग हिचा फोटोच लाव की भिंतीवर," आबा म्हणाले. "नाहीतर आण ती ताडपत्री. मीच झाकतो."

केतकीला पत्र्यातून आरपार गेलेलं आपलं बोट आठवलं. तिनं ओवीला शेजारच्या काकूंकडे सोपवलं, आबांना शेजारी बसवलं, पदर खोचला आणि स्टिअरिंग धरलं.

घाटातल्या एका अवघड वळणावर मोटार बंद पडली. हळूहळू मागं सरकू लागली. केतकीनं हँडब्रेक ओढला.

"आबा, मला भीती वाटतेय."

"वाटू दे. भीतीला बसू दे मागं. स्टिअरिंग तेवढं तिच्या हातात देऊ नकोस."

"मागं जागा कुठंय आबा? दोनच तर सीटा!"

आबा खदखदून हसले. हसू केतकीलाही आवरेना. हसता हसताच तिनं मोटार सुरू केली आणि पाय दाबला. मोटार गरजली आणि वळणामागून वळण घेत माथ्यावर पोचली. आबांनी हॉर्न दाबला, तो खालच्या गावापर्यंत ऐकू गेला. मग बायकोच्या त्या शेजारच्या जागेवर बसलेल्या आबांनी हळूच सीटवरून हात फिरवला.

दोघं परतली, तर दारातल्या जांभळीच्या फांदीवर ओवी! कानटोपी खाली पडलेली, दोन्ही हात फांदीला घट्ट. खाली काकू हवालदिल.

"आई, हॉर्न मला इथून ऐकू आला!"

'उतर आधी खाली' हे शब्द केतकीच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले आणि हॉर्न पुन्हा एकदा दणदणीत वाजवला.

तात्पर्य: झाकून ठेवलेलं गंजतं, चालतं ठेवलेलं टिकतं, म्हणून जे जिवापाड प्रिय आहे, त्याला भिऊन कोंडू नये, धीर करून चालू द्यावं.