तळवे दाखवायची रीत

बसा असे पायरीवर, घाई करून काही उपयोग नाही. तुमच्या छातीवर लावायच्या त्या कागदावर सकाळी साडेसहाची वेळ छापलीय ना? छापू दे. बोरघळची शर्यत उद्या साडेसहाला सुटणार नाही. आधी पाटलांच्या घरातला पुरुष हा समोरचा चढ अनवाणी चढून येईल, इथं भैरोबापुढं बसेल आणि दोन्ही तळवे आम्हा बायकांना दाखवेल. आम्ही 'साफ आहे' म्हटलं की मग खाली नदीवर शिट्टी वाजेल. काटा निघाला तर पुन्हा खाली, पुन्हा वेचणं, पुन्हा वर. मागं एकदा ऊन डोक्यावर येईस्तोवर पुण्यामुंबईची मंडळी नदीवर हातपाय झाडत उभी होती. आयोजक हात जोडत आले. आम्ही म्हटलं, बाबांनो, तुमची शर्यत कालची, ही रीत त्याच्या फार आधीची.

आणि या ताईंनी मघाशी चढावरच्या पिवळ्या फुलांचे फोटो काढले. काढा, फुलं गोजिरवाणीच आहेत. पण हात लावू नका, तो सराटा आहे. फुलाखाली चहूबाजूंनी टोकदार काटा धरतो, कसाही पडला तरी एक टोक वरच. आता एवढं नीट बघा, हा चढ सगळा मुरमाड. इथं कुसळ धड उगवत नाही. सराट्याला लागते नदीकाठची रेताड जमीन. मग तो इथं आला कसा? आपणहून नाही आला. पेरलाय तो. कुणी आणि का, ते सांगते.

संस्थानी काळातली गोष्ट, असं सांगतात. हैबती नावाचा एक तरणा गडी संस्थानच्या टपालाची थैली घेऊन घाटापलीकडं पळायचा. हातात घुंगुरकाठी, पाय उघडे. आईबाप लहानपणीच गेलेले, घरात धाकटी बहीण भिवरा, एवढाच त्याचा संसार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपासून भैरोबापर्यंत शर्यत लागायची, ती लागोपाठ तीन वर्षं हैबतीनं मारली. जिंकणाऱ्याचा त्या दिवशीचा शब्द पाटलानं खाली पडू द्यायचा नाही, अशी रीत होती. लोक मागून मागून काय मागणार? कुणी पागोटं, कुणी कोकरू. हैबतीनं एकदा बहिणीसाठी शेळी मागून घेतली होती.

पाटलांचा मुलगा सुभानराव तिन्ही वर्षं दुसरा आला. दुसरा येणं काही वाईट नाही, तुमच्यातले किती जण उद्या दुसरे येणार आहेत? पण तालमीतली पोरं त्याला चिडवायला लागली, पाटलाचं लेकरू टपालवाल्याची धूळ खातंय म्हणून. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

चौथ्या वर्षी या चढाच्या मधोमध अनवाणी पळणारे एकामागून एक कळवळून खाली बसले. वाटभर सराटे पसरलेले! सुभानरावाच्या पायात नव्या कोल्हापुरी वहाणा. तो वर पोचला, घंटा वाजवली. हैबती पायांत काटे घेऊन तसाच पळत दुसरा आला. बसला नाही तो. टपालवाल्याची जात, वाटेत बसायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्या संध्याकाळी भिवरानं भावाचे पाय मांडीवर घेतले, सुईनं एकेक काटा काढला, वर बिब्बा गरम करून लावला. काढलेले काटे तिनं जोत्यावर ठेवले आणि ते बघताना तिचा हात थांबला. वाळून कडक झालेले सराटे होते, गेल्या मोसमातले. अख्ख्या शिवारात सराटा उगवायचा तो एकाच ठिकाणी, पाटलांच्या नदीकाठच्या कलिंगडाच्या पट्टीत. तिथून कुणीतरी ते वेचले होते, वाळवले होते, राखून ठेवले होते. ती हैबतीला म्हणाली, "दादा, हे वाऱ्यानं आलेले न्हाईत."

हैबती म्हणाला, "असू दे. पुढच्या साली बघू."

पुढचं साल त्याच्या नशिबी नव्हतं. आठवडाभरात त्याची दातखीळ बसली. धनुर्वात झाला. अंग कमानीसारखं वर उचलायचं आणि दाणकन खाली आपटायचं. पाण्याचा थेंब आत जाईना. भिवरा उशाला बसून ओठ ओले करत राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो उमदा गडी गेला.

ती चावडीवर गेली. चावडीवर न्याय करणार कोण? तर थोरले पाटील, म्हणजे सुभानरावाचा बाप! ते म्हणाले, "पोरी, वाट म्हटली की काटा आलाच." तिनं सगळ्या गावाकडं पाहिलं. ज्यांचे पाय फुटले होते तेही तिथंच बसलेले. एकानं तर सांगितलं की माझा पाय वहाण चावल्यामुळं सुजलाय. मेल्यानं जन्मात वहाण घातली नव्हती! पुरावा कुणाला नको होता हो. कुणी केलं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पाटलाच्या तोंडावर बोलायचं कुणी? सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली.

हैबतीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भिवराला सांभाळू म्हणून भावकीनं शब्द दिला, शेळीला सांभाळू म्हणाले, कावळे झाडावर नुसते बसून. शेवटी भिवरा पुढं झाली, पिंडाशी वाकून काहीतरी पुटपुटली. तोंड वर करते तोच कावळ्यानं घास उचलला, म्हणे. ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. कळायला वर्ष लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाची थैली खांद्याला लावली, घुंगुरकाठी घेतली आणि घाटाला लागली. बाईमाणूस टपाल नेतंय म्हणून लोकांनी बोटं मोडली. संस्थानाला त्याचं काही नव्हतं, थैली वेळेवर पोचल्याशी मतलब. भिवरा रोज पळत राहिली. आधी धाप लागायची, पोटात कळ यायची, पाय फुटायचे. मग फुटायचे थांबले.

आणि घाटावरून परत आली की ती टोपली घेऊन पाटलांच्या पट्टीत शिरायची आणि सराटे वेचायची. लपूनछपून नाही हं, उजेडी, सगळ्यांदेखत. रेतीसकट सराटे टोपलीत भरायचे आणि भैरोबाच्या देवळामागं नेऊन ठेवायचे. राखणदार अंगावर धावून आला, तर म्हणाली, "तुमचे काटे नेते, कलिंगडं न्हाईत. मालकाला सांगा जाऊन."

त्यानं सांगितलं. आणि सुभानरावाची झोप उडाली. चोराच्या मनात चांदणं! तो अंथरूण झटकून झोपायला लागला, वहाणा आपटून घालायला लागला. अंगणात उतरायचा तर आधी खाली बघायचा. भिवरा त्याला वाटेत भेटायची, एक शब्द बोलायची नाही, टोपली कडेवर घेऊन निघून जायची. एवढे काटे ही बया करणार काय, हाच घोर त्याला लागला. दसरा जवळ आला तसा त्यानं चांभाराला बोलावून म्हशीच्या कातड्याच्या तिहेरी तळाच्या वहाणा शिवून घेतल्या. एकेक वहाण उचलली तर हात खाली जायचा, असं सांगतात.

शर्यतीच्या दिवशी भिवरा पदर खोचून नदीवर येऊन उभी राहिली. गलका झाला. बाई कुठं धावते का? गुरव शहाणा होता. तो म्हणाला, शर्यत देवाची आहे, देवालाच विचारू. कौल लावला, भैरोबानं उजवं दिलं, म्हणजे होकार. मग पाटलांनाही गप्प बसावं लागलं.

सुभानराव सुटला तो जीव घेऊन. सपाटीवर तो सगळ्यांच्या पुढं. भिवरा त्याच्या पाठोपाठ, हातभर मागं, पुढं जायचं नावच घेईना. नुसती घुंगुरकाठी वाजत होती, छुम् छुम् छुम्. तुम्ही पळणारी माणसं, तुम्हाला सांगायला नको. मागून येणारं पाऊल पुढच्याला जेवढं दमवतं तेवढं कुठलीच चढण दमवत नाही. त्यात हे तर मेलेल्याचे घुंगूर. सुभानराव आणखी जोरात पळाला, आणि पायात ते म्हशीचं कातडं.

चढाच्या पायथ्याशी तो थबकला. खाली बघून एक पाऊल टाकलं, चाचपलं, मग दुसरं टाकलं. मागचे गडीही कचरले, कारण तिच्या टोपल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हा भिवरा पहिल्यांदा बोलली. मागं वळून ओरडली, "या रं समदे! चढ साफ हाय. माझ्या पावलावर पाऊल टाका." आणि सुभानरावाच्या बाजूनं ती अशी वर गेली की त्याला वारा लागला. तिच्या मागून अनवाणी गडी गेले. चढावर एकसुद्धा काटा नव्हता. सुभानराव मात्र शेवटपर्यंत खाली बघत, पाय चाचपत आला, आणि आला तो सगळ्यांच्या मागून.

भिवरानं घंटा वाजवली. थोरले पाटील पुढं आले. चेहरा उतरला होता, पण रीत मोडता येत नव्हती. "माग पोरी. जमीन माग, गाय माग."

"जमीन ऱ्हाऊ द्या तुमची तुम्हाला," भिवरा म्हणाली. "मला सुभानरावांचे पाय पायजेत."

माणसं जागच्या जागी गार पडली. पाटलीणबाईंनी तर किंकाळी फोडली. भिवरा म्हणाली, "भिऊ नका. तोडून नकोत. चालते पायजेत."

मग तिनं देवळामागून टोपल्या आणल्या आणि गावादेखत, दोन्ही हातांनी, वर्षभर वेचलेले सराटे रेतीसकट या चढावर उधळले. वरपासून पायथ्यापर्यंत. एकाचीही अडवायची छाती झाली नाही. टोपल्या रिकाम्या झाल्यावर ती म्हणाली, "हे सुभानरावांनी वेचायचे. हातानं. गडी न्हाई, केरसुणी न्हाई. मी पुरे म्हणेस्तोवर दर शर्यतीआधी अनवाणी चढून यायचं आन् हितं बसून तळवे मला दावायचे. काटा निघाला तर शर्यत सुटायची न्हाई."

थोरल्या पाटलांच्या जिवात जीव आला. "एवढंच?"

"एवढंच."

त्यांना वाटलं, स्वस्तात सुटलो. सुभानराव उन्हातान्हात गुडघे टेकून वेचत राहिला. बोटं सोलली, नखांत टोकं मोडून बसली. उन्हाळा संपेस्तोवर चढ लखलखीत झाला. आणि मग पाऊस पडला. रेतीत दडून राहिलेला एकेक सराटा उगवला, वेल पसरला, पिवळी फुलं आली, आणि दसऱ्यापर्यंत चढावर पुन्हा काटेच काटे. काटा म्हणजेच बी असतं, हे पाटलांच्या ध्यानात आलं नव्हतं. भिवराच्या आलं होतं.

तेव्हापासून दर दसऱ्याला सुभानराव वेचायचा, चढायचा, बसायचा. बाजारात बैलाचे खूर बघतात तसे भिवरा त्याचे तळवे बघायची, अंगठ्यानं दाबून दाबून. पुढं तो स्वतः पाटील झाला. चावडीवर त्याच्यापुढं माणसं वाकायची, आणि वर्षातून एकदा तो टपालवालीपुढं पाय पसरून बसायचा. एका वर्षी, तळवा तिच्या हातात असताना, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मीच टाकले होते गं काटे. हैबतीला मीच मारला."

भिवरा म्हणाली, "ठावं हाय. दुसरा पाय वर घ्या."

दोघंही म्हातारी झाली. त्याला चढवेना. काठी टेकत, बसत उठत तो वर यायचा, तळव्यांना भेगा पडलेल्या, भेगांत काटे. शेवटी एका दसऱ्याला त्यानं हात जोडले. "भिवराबाई, आता पुरे म्हण. माझ्यासाठी नको म्हणूस. माझ्या पोरांवर तरी हे ठेवू नकोस."

भिवरानं त्याच्या तळव्यातला शेवटचा काटा काढला, निरखून बघितला आणि पुन्हा चढाकडं भिरकावून दिला.

"पुढल्या साली या," ती म्हणाली.

त्या पौषात भिवरा गेली. तिच्यामागं कुणी नव्हतं. पुढच्या दसऱ्याला सुभानराव चढून वर आला, इथं बसला, पाय पसरले, आणि बघायला कुणी नाही. तो तसाच बसून राहिला. ऊन चढलं, खाली नदीवर माणसं खोळंबली. मग गावातल्या दोन बायका पुढं झाल्या, त्यांनी तळवे दाबून बघितले आणि म्हणाल्या, "साफ हाय." त्यानं विचारलं, "पुरे का?" बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पुरे म्हणायचा अधिकार एकटीचा होता, आणि ती न म्हणता गेली होती.

आजही सराटा उगवतो, आणि आजही पाटलांच्या घरातला पुरुष दसऱ्याआधी येऊन हातानं वेचतो. आत्ताचा बँकेत नोकरीला आहे नाशकात, रजा काढून येतो. भला पोरगा आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ग्रामपंचायतीतल्या एका शहाण्यानं तणनाशक मारायचं सुचवलं होतं, त्याला आम्ही बायकांनी चढावरून पिटाळून लावला. उद्या तळवे बघणाऱ्यांत मीही आहे. तो पोरगा उठताना दर वर्षी विचारतो, "आजी, पुरे का आता?" रीतच आहे ती विचारायची. मी सांगते, बाबा, ते म्हणायचा अधिकार माझा नाही.

आणि खरं सांगू का तुम्हाला? असता तरी म्हटलं नसतं.