घुंगरांत कोंबलेलं गवत

लहानथोर मंडळी, गोष्ट फार मागची. तेव्हा घाटात गाडीवाट नव्हती, माल बैलांच्या पाठीवरून चालायचा. मिठाच्या गोण्या घेऊन एक तांडा घाट चढत होता. पुढं दरोडेखोरांची खिंड. ती दिवस मावळायच्या आत ओलांडायची, आणि तीही जराही आवाज न करता.

तांड्याचा नायक मोठा सावध. त्यानं एकूणएक बैलाच्या घुंगरांत गवत कोंबलं. पण बैल उठेनात. रवंथ करत बसलेले. तांड्याची रीतच तशी, रवंथ झाल्याशिवाय पाठीवर गोणी चढवायची नाही.

नायकाचा डोळा सूर्यावर. उभ्याउभ्या त्यानं भाजलेल्या हरभऱ्यांचे बकाणे भरले, न चावता गिळले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"अहो, चावा तरी!" नायकीण म्हणाली.

"खिंड ओलांडू दे. मग चावत बसेन निवांत."

म्हातारा बैल म्हणाला, "नायका, माझ्या पोटाला चार कप्पे, तरी मी दोनदा चावतो. तुझ्या पोटाला एकच, आणि तू एकदाही चावत नाहीस?"

"तू गप ओझं वाहा!" नायक खेकसला.

रवंथ झालं, गोण्या चढल्या आणि तांडा खिंडीत शिरला. वर कड्यावर भाले चमकत होते, पण दरोडेखोरांची तांड्याकडे पाठ होती. खूर जपून पडत होते. एका पोराला शिंक येऊ लागली, तर आईनं त्याचं नाक दाबून धरलं. निम्मी खिंड सरली.

आणि नायकाच्या पोटात हरभरे फुगले. कळ आली. त्यानं मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं. दुसरी कळ आली, ती मात्र आवरली नाही.

"आई गं!"

खिंडीनं ती हाक थेट कड्यावर पोचवली. भाले वळले.

नायकाला पाऊल उचलेना. नायकिणीनं कोयत्यानं गोण्यांचे दोर कापायला घेतले. बाकीच्यांनीही कापले. नायकाला म्हाताऱ्या बैलावर आडवा टाकला आणि तांडा ओझं सोडून धावत सुटला. जीव तेवढे वाचले. मीठ सगळं दरोडेखोरांना.

पलीकडच्या माळावर बैल धापा टाकत म्हणाला, "मिठापेक्षा तुझे अख्खे हरभरेच जड निघाले रे, नायका."

नायकीण हसली नाही. "सगळ्यांची घुंगरं बंद केलीत," ती म्हणाली, "आपलं पोट तेवढं वाजतं ठेवलंत."

तेव्हापासून त्या तांड्यात रीत वाढली: बैलांचं रवंथ आणि नायकाचं जेवण, दोन्ही सावकाश उरकल्याशिवाय गोणी उचलायची नाही.

तात्पर्य: दातांचं काम पोटावर ढकलू नये, पोट त्याची वसुली नेमकी अडचणीच्या वेळी करतं.