सुईणीचा सायलेन्सर

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची? जनावरं अजून बोलत होती आणि स्कूटर मात्र निघाली होती. हे दोन्ही एकाच काळी कसं, असं विचारू नका. गोष्ट मी सांगतोय, तुम्ही ऐका.

एका गावात एक सुईण राहायची. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. कुणी कळांनी ओरडायला लागली की ही उशाशी बसून एकच सांगायची, "दम धर, पोरी. घाईनं काही होत नाही." स्वतः मात्र महाउतावळी! चहा निवेपर्यंत थांबायची नाही, रोज जीभ पोळून घ्यायची.

तिची एक जुनी स्कूटर होती. गोठ्यात म्हशीशेजारी उभी असायची. तिचा सायलेन्सर गंजून लाल झाला होता आणि त्याला खालून भोक पडलं होतं. स्कूटर चालू केली की अख्खं गाव दचकायचं. गावानं सोसलं, रानानं नाही सोसलं. एक दिवस अस्वलीण वाट अडवून उभी राहिली.

"बाई, तुझ्या या फटफटाटानं माझी पिल्लं झोपेतून किंचाळत उठतात. पुन्हा असा आवाज आला, तर रानातली वाट तुला बंद."

आता आली का पंचाईत! रानापलीकडच्या वाडीतच तर सुईणीची लेक दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, आणि वाडीत दुसरी सुईण नाही. पायी निघावं, तर पोचेपर्यंत बारसंसुद्धा उरकलं असतं.

नवा सायलेन्सर घ्यायची ऐपत नव्हती. घरात होतं नव्हतं ते गोळा करून तिनं आच सोसणाऱ्या रंगाची एक लहानशी डबी आणली. भोकात चिंधी कोंबली, गंजावरच रंग फासला आणि झाली मोकळी.

म्हैस रवंथ करत बघत होती. "अगं, आधी खरवडायचं असतं ते."

"तू गप चारा खा!" सुईण म्हणाली आणि रंग ओला असतानाच स्कूटर घेऊन निघाली.

वेशीपर्यंतसुद्धा पोचली नाही. चिंधी जळाली, रंगाचे पापुद्रे सुटून रस्त्यावर पडले आणि फटफटाट होता तसाच. रडत परत आली. डबीच्या तळाशी रंग उरला होता थोडासाच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडीवरून कावळा आला. "लेकीची कंबर दुखायला लागलीय. चल लवकर!"

सुईण तशीच स्कूटरकडे धावली. पण म्हैस गोठ्याच्या दारात आडवी बसली होती.

"ऊठ मेले! माझी लेक अडलीय तिकडे!"

"अडली कुठं? आत्ता तर सुरुवात आहे. पहिलटकरणीला वेळ लागतो, हे तूच गावाला सांगतेस ना? आणि उशाशी बसून काय म्हणतेस?"

"ती माझी लेक आहे गं!"

"बाकीच्यासुद्धा कुणाच्या तरी लेकीच होत्या," म्हैस म्हणाली.

सुईण सायलेन्सरपुढे फतकल मारून बसली. मग पदर खोचून कामाला लागली. चिंचेचा कोळ लावला, विटेच्या तुकड्यानं घासघास घासलं. हात सोलले, पण आतलं लोखंड दिसेपर्यंत थांबली नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोकावर तारेनं आवळला, कडांना चुलीच्या मातीचा लेप दिला. उरलेला रंग पुरवून पुरवून लावला.

आणि मग थांबणं. तेच सगळ्यात अवघड! अंगणात येरझारा घालायची, रंगाला बोट लावायची, बोट काळं करून घ्यायची. रंग वाळला, तर म्हैस म्हणाली, "आता जरा वेळ चालू कर, मग निवू दे. पुन्हा चालू कर, पुन्हा निवू दे. रंग तसाच पक्का होतो." दर वेळी सुईणीचा जीव कासावीस व्हायचा. पण थांबली बिचारी.

दिवस कलताना म्हैस दारातून उठली.

रानात अस्वलीण कान टवकारून उभी होती. स्कूटर हळू पुटपुटत आली. पिल्लांनी कूससुद्धा बदलली नाही. अस्वलीण वाटेतून बाजूला झाली.

लेक घामानं भिजली होती. "आई, सोडव गं लवकर! नाही सोसवत आता!"

नेहमीचे शब्द सुईणीच्या ओठांवर आले, पण आज त्याआधी ती उशाशी टेकली. लेकीचा हात तिनं आपल्या सोललेल्या हातांत घेतला.

"फार अवघड असतं गं थांबणं. आज कळलं मला. दम धर, पोरी. मी आहे इथे."

पहाटे नात झाली. अशी काही भोकाड पसरून रडली, की रानातली पिल्लं दचकून उठली. अस्वलीणीनं या वेळी वाट काही बंद केली नाही.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: गंजावर रंग फासणारा वेशीच्या आतच अडकतो, दम धरून गंज काढणारा वेळेवर पोचतो.